परक्यांच्या मुलांचा सांभाळ

इ. स. १८६३ सालच्या पुण्यांत ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर कांहीं छापील जाहिराती लागलेल्या लोकांना दिसल्या. ज्या विधवेवर बिकट प्रसंग ओढवला असेल तिनें गुप्तपणें येऊन सुखरूप बाळंत व्हावें, मूल बरोबर न्यावें किंवा मागें ठेवावें, ठेवल्यास त्याचा सांभाळ केला जाईल, असा त्या मजकुराचा आशय होता. जाहिरात लावणारे जोतीराव फुले हे होते, आणि जेथें यावयाचें तें घर गंज पेठेंतील त्यांचें स्वतःचें होतें. बालहत्याप्रतिबंधक गृह या नांवानें तें पुढें प्रसिद्धीस आलें. तेथील बाळंतिणींची व अर्भकांची उसाभर सावित्रीबाईंनीं केली.

परक्याचें मूल सांभाळण्यास जो कोणी पुढें येतो त्याच्यापुढें आजच्या काळीं तीन प्रश्न येतात. खर्चाची तरतूद काय, परवाना कोणाचा, आणि सांभाळणारीला या कामाचें शिक्षण मिळालें आहे काय? गंज पेठेंतल्या त्या घरास यांपैकीं एकही प्रश्न कोणी विचारला नाहीं, कारण विचारणारें खातेंच नव्हतें. खर्च जोतीरावांच्या कंत्राटाच्या व व्यापाराच्या उत्पन्नांतून भागत होता. परवानगी त्यांनीं स्वतःच्या मनाची घेतली होती. शिक्षण म्हणावें तर सावित्रीबाईंजवळ शिक्षिकेचें होतें. अर्भकांच्या संगोपनाचें शिक्षण स्त्रियांस देण्याची सोय तेव्हां पुण्यांत नव्हती. हीं तीन उत्तरें या शहरांत कोणत्या क्रमानें आलीं, आणि कोणतें अद्याप अर्धवट राहिलें आहे, हें पाहण्यासारखें आहे. पुण्यांत आज हजारों माता आपलें मूल परक्या हातीं सोपवून कामावर जातात, आणि तो हात कोणाच्या पैशावर चालतो याची चौकशी सहसा होत नाहीं.

जोतीरावांना ही कल्पना सुचण्यास कारण झालें तें एका खटल्याचें. त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरीं काशीबाई नांवाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. तिला दिवस गेले, मूल झालें, आणि अब्रूच्या भयानें तिनें तें मारलें. न्यायालयानें तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. १८६० सालचा दंडसंग्रह १८६२ च्या आरंभापासून नुकताच अमलांत आला होता. गर्भपात करणें, अर्भक उघड्यावर टाकून देणें, जन्म लपविण्यासाठीं मूल पुरून टाकणें, या सर्वांना त्यांत निरनिराळीं कलमें होतीं. आईला शासन करण्याची व्यवस्था सरकारनें अशी चोख ठेविली होती. मूल वांचविण्यासाठीं मात्र एका रुपयाचीही तरतूद नव्हती. ज्या राज्यांत शिक्षा आधीं येते आणि पाळणा मागाहून येतो, त्या राज्यांत पाळणा खाजगी माणसालाच बांधावा लागतो. तो जोतीरावांनीं बांधला.

त्या घराचा हिशेब जोतीरावांनींच पुढें दिला आहे. बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांसंबंधीं मलबारी यांनीं जीं टिपणें काढलीं त्यांवर अभिप्राय देतांना, १८८४ च्या डिसेंबरांत, त्यांनीं लिहिलें कीं तोंवर पस्तीस गरोदर विधवा तेथें येऊन बाळंत झाल्या आणि त्यांच्या मुलांपैकीं पांच हयात आहेत. व्याख्यानांतून व सभांतून पस्तीस हा आंकडा आवर्जून सांगण्यांत येतो. पांच हा आंकडा तितक्या आवर्जून सांगितला जात नाहीं. वस्तुतः दुसरा आंकडाच अधिक बोलका आहे. गर्भ लपविण्यासाठीं आयांनीं जीं विषारी औषधें घेतलीं असतील त्यांच्या योगानें बाकीचीं मुलें दगावलीं, असें कारण जोतीरावांनीं दिलें आहे. तें खरेंच असणार. पण त्याचा दुसरा अर्थ असा कीं दया होती, घर होतें, अन्न होतें, तरी तेवढ्यानें अर्भक जगत नव्हतें. त्याला वैद्यकाची जाणकार व्यक्ति हवी होती. १८७४ सालीं ज्या विधवापुत्राला या दांपत्यानें दत्तक घेतलें तो यशवंत पुढें डॉक्टर झाला, यांत या अनुभवाचा कांहीं वांटा असावा असें मानण्यास जागा आहे. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या यशवंताच्या दवाखान्यांत गेल्या, आणि त्यांतच त्यांना रोग जडून १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला.

स्वतःच्या खिशांतून चालविलेल्या कामाची मर्यादा फुले यांनाही लौकरच कळून आली होती. १८७६-७७ च्या दुष्काळांत आईबापांविना भटकणाऱ्या मुलांसाठीं सत्यशोधक मंडळींनीं धनकवडीस व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला, तेव्हां जोतीरावांनीं पत्रक काढून लोकांपाशीं मदत मागितली. एका घराचा खर्च एक माणूस सोसतो, दुष्काळाचा सोसूं शकत नाहीं. याच सुमारास, १८७५ सालीं, पंढरपुरास प्रार्थनासमाजाच्या मंडळींनीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, त्यांत तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांचा पुढाकार होता. क्षेत्राच्या ठिकाणीं तें असल्यानें त्याची गरज निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

वर्गणीचा पैसा आला म्हणजे वर्गणी देणाराचें मतही येतें. याचा अनुभव पुण्यानें घेतला तो पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत. रमाबाईंसाठीं अमेरिकेंत बोस्टन येथें १८८७ सालीं एक मंडळ स्थापन झालें आणि त्यानें दहा वर्षें खर्च देण्याचें पत्करलें. सदन मुंबईस १८८९ सालीं निघालें व १८९० सालीं पुण्यास आलें. पैसा अशा रीतीनें समुद्रापलीकडचा होता, पण मुली पुण्याच्या घरांतून यावयाच्या, म्हणून रानडे, भांडारकर अशा वजनदार गृहस्थांचें सल्लागार मंडळ नेमलेलें होतें. सरकारी परवाना अस्तित्वांत नव्हता तरी परवाना होताच. तो समाजाचा होता आणि या थोर नांवांवर तो चालत होता. १८९३ सालीं धर्मांतराच्या प्रश्नावरून सल्लागारांनीं राजीनामे दिले, कित्येक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या, आणि एका अर्थानें तो परवाना रद्द झाला. कोणाची बाजू बरोबर होती याचा वाद येथें नको. तो पुष्कळ झाला आहे. निरीक्षक, नियम, अपील यांविना केवळ लोकमतावर चालणारा परवाना किती भुसभुशीत असतो, एवढेंच यावरून दिसतें. रमाबाई पुढें केडगांवास गेल्या आणि दुष्काळांतल्या शेंकडों मुली त्यांनीं तेथें आणल्या. त्यांच्या कार्याचा एक भाग मात्र पुण्याच्या स्मरणांतून जवळजवळ गेला आहे. १८८६ सालीं फिलाडेल्फियास असतांना त्यांनीं फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचें रीतसर शिक्षण घेतलें होतें. परक्यांचीं लहान मुलें कशीं वाढवावीं ही शिकण्याची विद्या आहे असें मानून ती परदेशीं जाऊन शिकणाऱ्या स्त्रियांत त्या अगदीं आरंभींच्या होत.

शिक्षणाचा प्रश्न पुण्यांत खऱ्या अर्थानें हातीं घेतला तो दुसऱ्या रमाबाईंनीं. न्यायमूर्ति रानडे यांच्या मागें रमाबाई रानडे यांनीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्यानें १९०९ सालीं पुणें सेवासदन स्थापन केलें. तत्पूर्वीं सरकारदरबारच्या बाजूनें थोडी हालचाल झाली होती. १८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या नांवाचा निधि निघाला, आणि १९०३ सालीं लेडी कर्झन यांनीं परंपरागत दायांना शिकविण्यासाठीं व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ति निधि उभारला. सुईणपण ही विद्या असून तिच्यावर पैसा खर्च करणें योग्य आहे, ही मान्यता या निधींनीं दिली. पण शिकवावयाचें कोणास? सुईणीचें काम वंशपरंपरेनें ज्या स्त्रियांकडे होतें त्यांना शाळेची संवय नव्हती, आणि ज्या स्त्रियांना अक्षरओळख होती त्यांच्या घरीं हें काम हलकें समजत. परक्या माणसाच्या अंगास हात लावणें, रात्रपाळी करणें, विटाळशुद्धीचा विचार बाजूस ठेवणें, यांतली एक एक गोष्ट त्या काळच्या पेठांतून कुटुंबाची लाज काढण्यास पुरेशी होती.

सेवासदनानें या अडचणीवर जो तोड काढला तो व्यवहारी होता. शिकण्यासाठीं मुलगी ससून रुग्णालयांत जाई, पण राहावयास तिला सेवासदनाचें वसतिगृह असे. तेथें जेवणखाण, देखरेख आणि चालचलणूक यांची हमी रमाबाईंच्या नांवाची होती. रानडे यांची पत्नी जेथें उभी आहे तेथें आपली विधवा बहीण किंवा सून धाडण्यास भाऊ-दीर धजूं लागले. याच मार्गानें सेवासदनानें परिचारिका तयार केल्या, सुइणी तयार केल्या, कांहीं स्त्रियांस बैरामजी जीजीभाई वैद्यकशाळेंत धाडून डॉक्टरीणही केलें. जुन्या काळांत ज्या नांवामुळें शारदासदन चाललें आणि नांव निघून गेल्यावर डळमळलें, तोच लौकिक येथें वसतिगृहाच्या भिंतींत पक्का बांधून घेतला गेला, आणि त्याला रुग्णालयाच्या प्रमाणपत्राची जोड मिळाली. १९३५ सालीं मुंबई इलाख्यानें परिचारिका, सुइणी व आरोग्यनिरीक्षिका यांची नोंदणी करणारा कायदा केला. म्हणजे सरकारी पटावर नांव असल्याची ओळख आधीं बाळंतपण करणारीला मिळाली. बाळंतपणानंतर मूल सांभाळणारी अद्याप कोणाच्याच पटावर नव्हती.

ती पटावर यावयाची तर प्रथम तिची गरज कोणाला तरी पटली पाहिजे होती. ती पटविली कारखान्यांनीं. मुंबईच्या गिरण्यांतून काम करणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत आणि पाळीवर जात, ही गोष्ट सरकारी वैद्यकीय अहवालांत नमूद झाली आणि १९३१ सालच्या रॉयल मजूर कमिशनपुढेंही आली. बाळगोळी देणारी आई निर्दय नव्हती. घरीं पाहणारें कोणी नाहीं, गिरणींत मूल नेऊं देत नाहींत आणि पगार बुडवितां येत नाहीं, अशा स्थितींत तिच्या हातीं तेवढाच एक उपाय होता. १९३४ च्या कारखाना कायद्यानें मुलांसाठीं खोली ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, व १९४८ च्या कायद्यानें ती सक्तीच केली. पन्नासाहून अधिक स्त्रिया जेथें असतील तेथें सहा वर्षांखालच्या मुलांसाठीं हवेशीर, उजेडाची, स्वच्छ खोली असावी, आणि ती अर्भकांच्या व मुलांच्या संगोपनाचें शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या ताब्यांत असावी, असें त्याचें ४८ वें कलम होतें. जोतीरावांच्या जाहिरातीनंतर पंचाऐंशी वर्षांनीं या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें एका कलमांत एकत्र आलीं. खर्च मालकाचा, तपासणी कारखाना-निरीक्षकाची, आणि सांभाळणारी शिकलेली. १९७६ सालीं पन्नासाची संख्या तीसवर आणली गेली.

पण संख्येची अट ही नेहमींच दुधारी असते. तीस स्त्रियांनंतर पाळणाघर लागत असेल तर एकोणतीस स्त्रिया ठेवणें स्वस्त पडतें. ही तक्रार कामगारचळवळींत जुनी आहे. आणि शिकलेली स्त्री मालकानें आणावयाची कोठून, याचें उत्तर कायद्यांत नव्हतें.

तें उत्तर कारखान्यांबाहेर तयार होत होतें. पुण्यांत १८७० पासून स्त्रियांचें ट्रेनिंग कॉलेज चाललें होतें. मोरगांव येथें १९१० सालीं जन्मलेल्या आणि लहानपणींच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ याच कॉलेजांतून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या, आणि १९३३ पासून १९४४ पर्यंत त्या हुजूरपागेच्या शाळेंत शिकवीत होत्या. १९४५ सालीं त्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ताराबाई मोडक यांच्याकडे गेल्या. ताराबाईंनीं गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ काढला होता आणि १९३६ सालीं दादरला शिशुविहार. शहरांत फी देणारे पालक होते. बोर्डीस कोळी, हरिजन, आदिवासी यांचीं मुलें होतीं, आणि तीं बालवाडीकडे फिरकत नव्हतीं. तेव्हां ताराबाईंनीं बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेली. वाळूंत अक्षरें काढावयाचीं, शंख-शिंपले मोजावयाचे, मुलांना आधीं आंघोळ घालावयाची, मग गाणीं म्हणावयाचीं. महाग युरोपीय साधनांशिवाय बालशिक्षण चालतें हें तेथें सिद्ध झालें, आणि अंगणवाडी हा शब्द तेथें रूढ झाला. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें मुलांबरोबर सेविकांनाही शिकवीत असत, आणि पुण्याच्या कॉलेजांत शिकलेल्या अनुताईंच्या आयुष्यांतील मोठा भाग त्यांतच गेला. पुण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर ही त्या शहराची निर्यात होय.

१९७५ सालच्या २ ऑक्टोबरास केंद्रसरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना देशांतील तेहतीस गटांत सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्राला अंगणवाडी हेंच नांव दिलें. महाराष्ट्रांतील पहिला गट मेळघाटांतील धारणीचा होता. पूरक आहार, लस, वजन, शाळापूर्व शिक्षण, गरोदर स्त्रियांस सल्ला, इतकीं कामें एका स्त्रीवर आणि तिच्या मदतनिसावर टाकण्यांत आलीं. शिक्षणाचीही व्यवस्था झाली. राहिली ती एकच गोष्ट, आणि ती एका शब्दांत लपली आहे. या स्त्रीला जें द्यावयाचें त्याला वेतन न म्हणतां मानधन म्हटलें गेलें. आरंभीं मॅट्रिक झालेलीस महिना १५० रुपये आणि न झालेलीस १०० रुपये असे तें होतें. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राच्या हिशेबीं तें सेविकेस ४,५०० व मदतनिसास २,२५० रुपये ठरलें; राज्य त्यांत आपली भर घालतें.

मानधन हा शब्द सन्मानाचा दिसतो. सभेच्या अध्यक्षास, कीर्तनकारास, परीक्षकास तो शोभतो, कारण त्यांचा चरितार्थ त्यावर नसतो. रोज सकाळीं दार उघडून पंचवीस-तीस मुलांना खिचडी वाढणाऱ्या व त्यांच्या वजनाचे तक्ते भरणाऱ्या स्त्रीस तो लावला म्हणजे सेवाकालाचा हिशेब, रजा, निवृत्तिवेतन यांची जबाबदारी देणाऱ्याच्या अंगावरून निघून जाते. २००६ सालीं कर्नाटकांतील प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं अंगणवाडीसेविका हें राज्याचें नागरी पद नव्हे. पुढें गुजरातच्या सेविकांनीं दावा लढविला, आणि २५ एप्रिल २०२२ रोजीं त्याच न्यायालयानें निर्णय दिला कीं १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ सेविका व मदतनीस दोघींनाही मिळाला पाहिजे. १९७५ पासून हा दिवस येण्यास सत्तेचाळीस वर्षें लागलीं. महाराष्ट्रांतील सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या तेव्हांही वेतन आणि निवृत्तिवेतन याच मागण्या पुढें होत्या. शिक्षणाची अपेक्षा मात्र वाढत गेली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें बारावी झालेल्या सेविकेस सहा महिन्यांचा व त्याहून कमी शिकलेलीस एक वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला आहे. विद्या वाढवा म्हणणाऱ्या कागदावर दरमहाची रक्कम काय वाढेल याचा उल्लेख असता तर तो कागद अधिक वाचला गेला असता.

परवान्याची कहाणी याच्या नेमकी उलट आहे. तेथें शब्द कडक आहेत. अनाथ किंवा सोडून दिलेल्या मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्थांसाठीं संसदेनें १९५६ सालीं परवान्याचा आणि १९६० सालीं देखरेखीचा असे दोन कायदे केले. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें परदेशीं दत्तक जाणाऱ्या मुलांच्या बाबतींत मान्यताप्राप्त संस्थांचीच वाट दाखविली. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें तर सरकारी मदत घेवो वा न घेवो, अशा प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची केली. नोंदणी न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखाहून कमी नाहीं इतका दंड, किंवा दोन्ही. आजच्या कायद्याखालीं गंज पेठेंतलें तें घर नोंदणीवांचून एक दिवस चालविणें हाही अपराध झाला असता. हा कायदा अनाठायीं आहे असें मात्र कोणी समजूं नये. जेथें मुलाला बोलतां येत नाहीं, आईबाप नाहींत, आणि दार बंद आहे, तेथें बाहेरच्या माणसानें आंत येऊन पाहिलेंच पाहिजे. ससून रुग्णालयांत टाकून दिलेलीं मुलें सांभाळण्याचें काम ज्या मंडळानें हातीं घेतलें, त्या ससूनमित्रांच्या सोसायटीची स्थापना १९६४ सालीं झाली. तिच्यासारख्या संस्थांनीं तपासणी, नोंदवह्या व दत्तकाची कागदपत्रें हीं कामाचा भागच मानलीं. तक्रार असावी तर ती इतकीच, कीं तपासनीस वेळेवर यावा असा नियम आहे, अनुदान वेळेवर यावें असा तितकाच कडक नियम नाहीं.

आणि ज्या मुलांना आईबाप आहेत, पण दिवसा घरीं कोणी नाहीं, त्यांचें काय? पेठांतून व कोथरुडसारख्या उपनगरांतून नोकरी करणाऱ्या स्त्रिया वाढल्या तसें घरगुती पाळणाघर वाढलें. एखादी गृहिणी आपल्या दोन खोल्यांत सहा-आठ मुलें घेते. पालक फी देतात. ओळखीवर विश्वास चालतो. पुन्हां तोच समाजाचा परवाना, जो शारदासदनाला होता. २०१६ च्या नोव्हेंबरांत नव्या मुंबईंत खारघर येथील एका पाळणाघरांत दहा महिन्यांच्या मुलीस झालेली मारहाण चित्रफितीवर दिसली, तेव्हां तो किती पुरा पडतो हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रास पडला. त्यानंतर राष्ट्रीय बालहक्क आयोगानें खाजगी बालशाळांसाठीं मार्गदर्शक नियम काढले. ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं आहेत. दहा महिन्यांचें मूल त्यांत बसत नाहीं.

सर्वांत कठीण प्रश्न बांधकामावरच्या मुलांचा आहे. पुणें गेल्या चाळीस वर्षांत चारही दिशांस वाढलें, आणि तें ज्यांनीं बांधलें त्यांचीं मुलें वाळूच्या ढिगावर वाढलीं. दिल्लीस १९६९ सालीं, गांधीजन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचें बांधकाम चाललें असतां, मीरा महादेवन यांनीं मजूरबायांच्या मुलांसाठीं तंबूंत पाळणाघर उघडलें. त्या फिरत्या पाळणाघरांचें काम १९८१ सालीं पुण्यास आलें आणि २००७ पासून तें तारा मोबाइल क्रेशेस या नांवानें येथें स्वतंत्रपणें चालतें. बांधकाम करणाऱ्यानें पत्र्याची खोली, पाणी, वीज व खर्चाचा कांहीं वांटा द्यावा, बाकीचा देणग्यांतून उभा करावा, आणि सेविका संस्थेनें शिकवून तयार कराव्या, अशी ही रीत आहे. धनकवडीच्या पत्रकापासून वर्गणीची वाट सुटली नाहीं, हें यावरून दिसतें. १९९६ सालीं बांधकाम-मजुरांसाठीं कायदा झाला. पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथें शिकलेल्या स्त्रियांच्या ताब्यांत मुलांची खोली असावी, असें ३५ वें कलम त्यांत होतें. त्याच वर्षींच्या दुसऱ्या कायद्यानें बांधकामखर्चावर उपकर बसविला. महाराष्ट्राचे नियम २००७ सालीं झाले. कायद्याची भाषा चांगली, पैशाचा मार्गही दिसतो. पण एका इमारतीवर पन्नास स्त्रिया एकाच मालकाच्या हजेरीपटावर असतात कोठें? मजुरी जोडप्याची ठरते, टोळी मुकादमाची असते, आणि स्त्रीचें नांव पुष्कळदां पुरुषाच्या नांवाखालीं बुडून जातें.

ही अडचण २०२० च्या कामगारसंहितांनीं एका अंगानें सोडविली आहे. त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आल्या, आणि जुने कारखाना व बांधकाम कायदे त्यांत विलीन झाले. आतां मोजणी केवळ स्त्रियांची नाहीं, स्त्रीपुरुष मिळून सर्व कामगारांची आहे. म्हणजे मूल आईचें तसें बापाचेंही, ही गोष्ट कायद्याला एकदांची मान्य झाली. आंकडा मात्र पुन्हां पन्नासाचाच आहे. वाघोलीस किंवा हिंजवडीस एखादी इमारत पुरी झाली कीं पत्र्याची खोली उतरवितात, पाळणे टेंपोंत चढवितात, आणि मुलें आईबापांबरोबर दुसऱ्या साइटवर जातात. तेथें पहिल्या दिवशीं किती कामगार पटावर आहेत याची मोजणी पुन्हां आरंभापासून होते.